संत्रं पुसायला नेलं

मंगळवार, ५ तारीख

आधी टपकली ती शिंपीण. खालच्या मजल्यावर तिचं मशीन खिडकीला लावलेलं, त्यामुळे रस्त्यावर मांजर शिंकलं तरी पहिली खबर तिला. तोंडात टाचण्या तशाच धरून म्हणते, "काकू, पांढरी गाडी आलीय. दोघं जण तुमच्या मालकांचं नाव घेऊन विचारतायत. मी काही सांगितलं नाही, पण त्यांनी जिन्यातली पाटी वाचली." मी म्हटलं, "अगं, पाटी वाचायलाच लावतात." एवढ्या टाचण्या तोंडात ठेवून ही बाई एवढं बोलते कशी, हे मला तीस वर्षांत कळलेलं नाही.

तोवर ते दोघं दारात. एक चष्मेवाले गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात वही. दुसरी एक मुलगी, आमच्या लेकीपेक्षा बरीच लहान, आणि इतकी गोड बोलणारी की मी चहात साखर कमीच घातली. म्हणाली, "आजी, आम्ही संग्रहालयातून आलोय. जुन्या कंप्युटरांचं नवं संग्रहालय होतंय. तुमच्याकडे नारिंगी लॅपटॉप आहे असं कळलं."

कुणाकडून कळलं ते विचारायचं राहिलं, कारण दूध उतू जात होतं.

नारिंगी लॅपटॉप म्हणजे आमचं संत्रं. ते नाव नातीनं ठेवलं. आमचे हे पुलांची तपासणी करायचे, त्यांचं ते यंत्र. लेकीनं पहिल्या नोकरीत घेऊन दिलेलं. खिडकीजवळच्या मेजावर असतं, वर माझा जुना मऊ पंचा पांघरलेला. मी पंचा काढला तर चष्मेवाले उठून उभे राहिले, जसं काही कुणी मोठं माणूस खोलीत आलं.

मग त्यांनी मला संत्र्याचा जन्मापासूनचा इतिहास सांगितला. पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत असली यंत्रं म्हणजे काळे नाहीतर करडे ठोकळे, साहेबलोकांच्या बॅगेत राहणारे. मग त्या उष्ट्या फळाची खूण असलेल्या कंपनीनं ठरवलं की घरच्या माणसांसाठी करायचं, शाळेतल्या पोरांसाठी करायचं. गोल कडा, रंगीत प्लास्टिक, एक नारिंगी, एक निळं, आणि वर धरायला मूठ. शिवाय बिनतारेचं इंटरनेट. सामान्य माणसाच्या लॅपटॉपात ती सोय इथूनच रुळली म्हणे. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मंचावर त्याच्याभोवती एक मोठी कडी फिरवली, जादूगार फिरवतो तशी, की बघा, कुठे तार नाही. "आज जगात जो तो मांडीवर यंत्र घेऊन कुठेही बसतो ना आजी, त्या सवयीच्या सुरुवातीचं हे यंत्र," असं म्हणाले. ती मुलगी म्हणाली, काही लोक त्याला संडासाचं झाकण म्हणून हसायचे. मी म्हटलं, आमच्याकडे पर्स म्हणायचे. हे पुलावर निघाले की ऑफिसातला शिपाई विचारायचा, "साहेब, वहिनींची पर्स विसरलात का आणलीत?" दोघंही हसले. सतरा वर्षांत ह्यांची गोष्ट ऐकून या घरात कुणी हसलं नव्हतं.

जाताना चष्मेवाले म्हणाले, यंत्र काचेच्या पेटीत ठेवू, खाली पितळी पाटी, पाटीवर साहेबांचं नाव. मी पंच्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मुलगी म्हणाली, "एवढ्यात कुणाला सांगू नका हं आजी. घरच्यांना पण नको. त्यांना एकदम दाखवू."

माझी शाळा चौथीपर्यंत. लेक म्हणते रोज दोन ओळी लिही, डोकं ताजं राहतं. ह्यांच्या ऑफिसच्या कोऱ्या डायऱ्या पडल्यात, त्यातलीच ही. छापलेले वार जुने आहेत, ते खोडून नवे घालते. आज दोन ओळींची दोन पानं झाली. हात दुखतोय, पण गोड दुखतोय.

बुधवार, ६ तारीख

लेकीचा फोन. "आई, संत्रं ठीक आहे ना?" आधी त्याची चौकशी, मग माझी. मी म्हटलं, त्याला बीपी नाही, गुडघे नाहीत, ते ठीकच असणार.

मग तिनं परत तेच समजावलं. ती शाळेत मास्तरीण आहे, एक गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय तिला सांगितल्यासारखं वाटत नाही. येत्या २१ तारखेला, गुरुवारी, पुलाची नवी चौकशी बसणार. सतरा वर्षांपूर्वी पडला त्या पुलाची जुनी चौकशी झाली तेव्हा ऑफिसनं सांगितलं, तपासनिसानं तडे कळवलेच नाहीत. चौदा माणसं गेली होती. सगळा ठपका ह्यांच्यावर आला आणि तीन महिन्यांत हे गेले. खरं तर ह्यांनी तीन पत्रं पाठवली होती, संत्र्यातूनच, टेलिफोनची तार लावून. त्या पत्रांच्या नकला आणि तड्यांची सगळी मापं संत्र्याच्या पोटात आहेत, तारखांसकट. मधली इतकी वर्षं ते उघडतच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी लेकीला जुन्या बाजारात त्याचा गोल, भोवऱ्यासारखा चार्जर मिळाला आणि ते जागं झालं.

"आई, त्याच ठेकेदाराचा दुसरा पूल आहे ना खालच्या अंगाला, त्याला तसेच तडे पडलेत. रोज त्यावरून बसगाड्या जातात. साहेबलोकांनी बाबांची मापं बघितली तर तो पूल बंद करतील, आणि ठपक्यातून बाबांचं नाव निघेल. फोटो काढून दिले तर ठेकेदाराचा वकील म्हणतो, फोटो काय कुणीही बनवतं. मूळ यंत्रच समोर ठेवायला हवं. कुणाला दाखवू नकोस, कुणाला देऊ नकोस."

तिच्या खोलीवर ठेवायची सोय नाही. दोनदा कुलूप फोडलं, आणि नेलं काहीच नाही, नुसते कपडे उपसून टाकले. चोरसुद्धा आजकाल कामचुकार.

पाहुण्यांचं सांगावं असं दोनदा ओठांवर आलं. पण तिचा सूर रागाचा होता, आणि मग गंमत काय राहिली.

एक मात्र मनात घोळतंय. ती म्हणते बाबांचं नाव निघेल. पाहुणे म्हणतात नाव लागेल. निघण्यापेक्षा लागलेलं बरं नाही का?

शुक्रवार, ८ तारीख

काल काही झालं नाही. पाणी उशिरा आलं, एवढंच.

आज घरातल्या तसबिरी पुसल्या. आमच्या घरात एकाही तसबिरीला काच नाही. नवा माणूस विचारतोच. त्याचं असं, हे तड्यांवर काचेची पट्टी चिकटवायचे. अरुंद, बोटभर. दोन्ही टोकांना सुतार फटीत भरतात ती लांबी लावायची आणि बाजूला तारीख लिहायची. तडा तिथंच थांबला तर काच शाबूत, तडा हलला तर काच तडकते. काचेला खोटं बोलता येत नाही, असं हे म्हणायचे. ऑफिसनं काचा द्यायच्या बंद केल्या तेव्हा ह्यांनी घरातल्या तसबिरींच्या काढून कापल्या. सासूबाईंचा फोटो आधी उघडा पडला, मग आमच्या लग्नाचा. मी रागावले होते. म्हणाले, "आपण कुठे पळून चाललोय? पूल मात्र चाललाय."

पहिल्या वर्षी तडा केसाएवढा होता. दुसऱ्या वर्षी नखाएवढा. शेवटी शेवटी त्यात नाणं उभं राहायचं. हे आणि त्यांचा मुकादम शिडीवरून पुलाच्या पोटाखाली उतरायचे, मुकादमाच्या हातात काचा, ह्यांच्या हातात संत्रं. मूठ आहे म्हणून तर ते नेता यायचं. दुसऱ्या हातानं शिडी धरायची. काळा ठोकळा असता तर कधीच नदीत गेला असता. संग्रहालयवाल्यांना ही मुठीची गोष्ट सांगायला हवी.

संत्र्याचं झाकण मिटलं की बिजागरीजवळ एक बारीक दिवा लागतो. लागतो, मंद होतो, लागतो, मंद होतो. झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसा. नातीनं सांगितलं, आजी ते झोपलंय, मेलं नाही. दुपारी पलीकडे खुर्ची टाकून मी भाजी निवडते. सोबत होते.

सोमवार, ११ तारीख

आले. बोलल्याप्रमाणे सकाळी अकराला आले. शब्दाचा पक्का माणूस आजकाल दिसत नाही.

मी मुठीची गोष्ट सांगितली, काचांची सांगितली. मुलीनं सगळं ऐकलं, मान हलवली, माझ्या माहेरची माणसं कोण, मी एकटीच असते का, दुपारी कोण येतं जातं, लेक कधी येणार, सगळं आपुलकीनं विचारलं. पोटच्या पोरीला एवढं सुचत नाही. तोवर चष्मेवाले संत्रं उघडून बसले होते. बराच वेळ वाचत होते. मध्येच चहा निवला, मी दुसरा केला, तोही निवला.

मग विचारलं, "आजी, याची नक्कल कुठे आहे का? कागदावर, दुसऱ्या यंत्रात?"

म्हटलं, "लेकीनं फोनवर फोटो काढलेत. पण ते चालत नाहीत म्हणे. खरं यंत्रच लागतं."

"असं का," म्हणाले आणि हसले. त्यांचे दात मी आज पहिल्यांदा बघितले, चांगले सरळ आहेत.

पुढं म्हणाले, "पेटीत ठेवण्याआधी हे पुसून घ्यावं लागेल."

मला जरा लागलं. म्हटलं, "रोज सकाळी पुसते हो मी. मऊ पंच्यानं."

"तसं नाही. आतून. आम्ही आतून पूर्ण पुसतो. काही म्हणता काही राहत नाही."

तेव्हा मात्र मला लाज वाटली. नात सुटीत येते तेव्हा त्याच्यावरच बिस्किटं खाते, चुरा त्या बटणांच्या फटीत जातो, तो मला काही काढता येत नाही. तसं सांगितलं. ती मुलगी एकदम उठून खिडकीपाशी गेली आणि बाहेर बघत राहिली. तिला धुळीचं वावडं असेल.

खरी गंमत पुढेच आहे. त्यांना निरोप द्यायला गॅलरीत गेले, तर गाडीपाशी उभा कोण? अर्ध्या कानाचा. ठेकेदारशेठचा ड्रायव्हर, तोच. पूल बांधत होते त्या काळात दर वर्षी तो शेठकडून मोठा खोका घेऊन दारात यायचा आणि हे त्याला खोक्यासकट जिन्यावरूनच परत पाठवायचे. तेव्हा पोरगेला होता, आता केस पिकलेत, पण कान काही उगवला नाही. मी वरून हाक मारली, "काय रे, ओळख विसरलास का?" त्यानं मान वर केलीच नाही. शिंपिणीच्या हाती त्याला चहा पाठवला. तिनं सांगितलं, त्यानं उभ्या उभ्या, पाठ फिरवून प्यायला.

संग्रहालयात लागला म्हणजे बरं झालं. बसून काम.

मंगळवार, १२ तारीख

मुकादमाला फोन केला. म्हटलं, आपल्या साहेबांची पाटी लागतेय, ऐकून तरी खूश होईल. फोन त्याच्या बायकोनं घेतला. म्हणाली, "वहिनी, त्या दोघांनी आमच्या ह्यांच्या हजेरीच्या दोन वह्यापण नेल्या. मागच्याच आठवड्यात." म्हणजे बघा, संग्रहालय चांगलंच मोठं दिसतंय.

म्हणाली, तेव्हापासून मुकादम घरात बोलत नाही. चौकशीला साक्ष द्यायला जाणार होता, आता म्हणतो तब्येत बरी नाही. म्हटलं, नाडी दाखवा, या वयात अंगावर काढू नये. तेवढ्यात मुकादमानं तिच्या हातून फोन घेतला. म्हणाला, "वहिनी, दार लावून घेत जा." आणि ठेवून दिला.

पहिल्यापासून तसाच आहे तो. अर्धं बोलायचं आणि अर्धं दुसऱ्यानं ओळखायचं. पुलाच्या पोटाखाली गाड्यांच्या आवाजात काम करून सवय लागली असेल.

दार लावलं. मग वाटलं, कुणी आलं तर कळणार कसं, परत उघडलं.

गुरुवार, १४ तारीख

शिंपिणीशी वाजलं.

दुपारी आली, हातात मापाची टेप, आणि सरळ विचारते, "काकू, हे संग्रहालय आहे कुठं?"

विचारलं नव्हतं. म्हटलं, "असेल गावात कुठंतरी. संग्रहालय काय खिशात ठेवतात?"

"कार्ड दिलंय का?"

दिलंय. बघितलं तर त्यावर एका कंप्युटरचं चित्र आणि एक नंबर. पत्ता नाही. तिनं तिथंच फोन लावला. नुसती वाजत राहिली घंटा. तिनं परत लावला. परत तेच.

"काकू, मी गिऱ्हाइकाचं साधं कापड पावतीशिवाय घेत नाही. आणि तुमच्याकडं दोघं येतात, यंत्र उघडतात, लेकीला सांगू नका म्हणतात, आणि तुम्ही वर बिस्किटं घालता?"

"घालते. माझी बिस्किटं, माझं घर."

"त्या ड्रायव्हरला मी नंबराची पाटी विचारली तर म्हणाला तुझं काम कर. संग्रहालयाचा माणूस असं बोलतो होय?"

मला राग आला. म्हटलं, "तुझं शिवणयंत्र कुणी काचेच्या पेटीत ठेवायला मागत नाही, ते तुझं दुखणं आहे." बोलून गेले. तिनं टेप गुंडाळली आणि गेली. दुपारभर खालून मशीनचा आवाज आला नाही.

खरं सांगायचं तर मनात एक खडा राहिलाय. पत्ता विचारायला हवा होता. लेकीलाही सांगायला हवं होतं. पण असं बघा, पूल पडला त्या दिवसापासून या जिन्यानं कोण चढलं? ऑफिसातला एक माणूस ह्यांना भेटायला आला नाही. शिपाईसुद्धा रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. शेजारच्या पोरांना त्यांच्या आया आमच्या दारात खेळू देत नव्हत्या. शिंपीण तेवढी यायची, तेही तिला गप्प बसवत नाही म्हणून. आणि आता दोन शिकलेली माणसं येऊन ह्यांच्या खुर्चीसमोर अदबीनं बसतात, ह्यांना साहेब म्हणतात. त्यांना मी काय, आधी पावती दाखवा म्हणू?

विचारीन. येत्या सोमवारी परत येतो म्हणालेत, आले की पत्ता विचारीन.

शनिवार, १६ तारीख

लेकीचा फोन. बुधवारी, २० तारखेला संध्याकाळी येते, एक रात्र राहते आणि गुरुवारी सकाळी संत्रं घेऊन थेट चौकशीला. आवाज बसलेला. शाळेत कुणीतरी तिच्याविरुद्ध निनावी अर्ज केलाय म्हणे. पाच दिवस गेले की हेही जाईल, असं म्हणाली.

मी म्हटलं, "तुझ्यासाठी एक गंमत आहे."

"कसली गंमत?"

"आल्यावर बघ."

"आई, कुणी आलं होतं का घरी?"

तोंडावर खोटं बोलता येत नाही मला, पण हा फोन होता. म्हटलं, "शिंपिणीशिवाय कोण येतंय." मग कूकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून दिला. कूकर लावलाच नव्हता.

पाच मिनिटं तशीच उभी होते. पण तिच्या बाबांची पाटी ती बघेल तेव्हा हे सगळं फिटेल. नवी नवी मास्तरीण झाली तेव्हा शाळेतली पोरं तिला चिडवायची ना, तुमच्या बाबांची पर्स, तुमच्या बाबांची पर्स म्हणून, तेव्हाही ती रडली नव्हती. पूल पडल्यावर लोक जे बोलले त्यानं रडली. आता त्याच लोकांनी तिकीट काढून ते यंत्र बघायला यावं.

सोमवार, १८ तारीख

नेलं.

नीट क्रमानं लिहिते. अकराला आले. आज चष्मेवाले आणि अर्ध्या कानाचा ड्रायव्हर. ती मुलगी आली नाही. विचारलं तर म्हणाले, तिनं काम सोडलं. एवढी गोड पोरगी, बसल्या जागी नोकरी सोडते. आजकालच्या पोरांना टिकून राहायची सवयच नाही.

मी आधी पत्ताच विचारला, ठरवल्याप्रमाणे. चष्मेवाले म्हणाले, "बांधकाम चालू आहे आजी, अजून पाटी लागायचीय. उद्घाटनाला तुम्हाला गाडीच पाठवतो, पत्ता कशाला हवा?" ते पटलं. मग मी म्हटलं, "पण गुरुवारी माझ्या लेकीला हे चौकशीत ठेवायचंय. ती बुधवारी न्यायला येणार."

ते अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर आज आलो. यंत्र इतकं जुनं आहे, ऐन वेळी साहेबांसमोर उघडलंच नाही तर काय तोंड दाखवणार? आम्ही आतून पुसतो आणि गुरुवारी सकाळी परस्पर चौकशीच्या दालनात नेऊन ठेवतो, तुमच्या लेकीच्या आधी. ती जाईल तेव्हा मेजावर तयार."

हे मला सुचलंच नव्हतं. त्या बिचारीला बसमधून ते ओझं वागवायला नको. आणि साहेबलोकांसमोर धूळ खाल्लेलं, बिस्किटाच्या चुऱ्याचं यंत्र ठेवलं असतं तर ह्यांच्या कामाविषयी काय मत झालं असतं. पुसलेलं, चकचकीत, काही म्हणता काही न राहिलेलं. बघूनच त्यांना कळेल, माणूस कसा होता ते.

एक कागद होता सहीला. चष्मेवाले म्हणाले, सही करा, वाचायची गरज नाही. पण मी वाचते. चौथी पास आहे मी. अक्षर अक्षर लावत पहिली ओळ वाचली. त्यात शब्द होता, स्वखुशीने. दोनदा वाचला. इतका बरोबर शब्द मी कुठल्या कागदावर बघितला नव्हता. कागदाला कसं कळलं मी खूश आहे ते? पुढं बरंच बारीक होतं, परत न मागण्याविषयी काहीतरी, ते सगळ्याच कागदांवर असतं. खाली सही केली, मोडकी तोडकी, पण पूर्ण. पितळी पाटीसाठी ह्यांचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. चिठ्ठी त्यांनी मेजावर ठेवली होती, ती जाताना राहून गेली. हरकत नाही, नाव काय, त्यांना पाठ आहे.

अर्ध्या कानाच्यानं भिंतीतून पिन उपसली. संत्र्याचा दिवा मंद होत होता तो परत लागला नाही. मी म्हटलं, "अरे, झोपेत होतं ते." तो थांबला. माझ्याकडे बघितलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला, "काकू, तुमच्या साहेबांनी एकदाही खोका ठेवून घेतला नाही." मी म्हटलं, "हो ना, माणूस हट्टी होता." चष्मेवाल्यांनी त्याला हाक मारली. तो मुठीला धरून संत्रं घेऊन खाली गेला. हे धरायचे तसंच, उजव्या हातात. दुसऱ्या हातानं कठडा.

खालून शिंपिणीनं गाडी बघितली असणार. ती वर आली नाही. मशीन मात्र थांबलं.

दुपारी भाजी निवडायला खुर्ची तिथंच टाकली, सवयीनं. मेजावर धुळीत त्याचा आकार उमटलाय, गोल कोपऱ्यांचा. तेवढी जागा पुसावीशी वाटली नाही.

मंगळवार, १९ तारीख

सकाळी शिंपीण आली. टाचण्या नाहीत, काही नाही, रिकामं तोंड. दारातूनच मेजाकडे बघितलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. "काकू," म्हणाली, "लेकीला फोन करा. आत्ताच्या आत्ता." म्हटलं, "गुरुवारी तिला कळणारच आहे, दोन दिवस कळ काढ की." तिनं माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. मीच तिला पाणी दिलं. मग म्हणाली, "नंबर द्या, मी करते." मी दिला नाही. माझी गंमत हिनं का सांगावी.

दुपारी लेकीचाच फोन आला. उद्या सातच्या गाडीनं पोचते. खालच्या पुलावरूनच येणार, दुसरा रस्ता नाही. म्हणाली, "यंत्रासाठी जाड पिशवी शिवून घेतलीय, आतून स्पंज लावून. धक्का लागायला नको."

म्हटलं, "कशाला गं ओझं? तू आपली हात हलवत ये."

ती हसली. किती महिन्यांनी हसली. मला म्हणाली, "आई, गुरुवारी सगळं मिटेल बघ."

"मिटेलच," मी म्हटलं.

घर झाडून घेतलं. चांगल्या कपबश्या काढून ठेवल्या, सहाच्या सहा, कारण पाटी घेऊन येतील तेव्हा सोबत आणखी कुणी साहेब असतील. लेकीलाही थांबवून घेईन, तिचीही ओळख होईल. शुक्रवारी येतो म्हणालेत, २२ तारखेला, सकाळी अकराला.